दोनदा दाबलं तरी एकदाच लागतं

आईच्या हातातला रिमोट मी काढून घेतला आणि माझ्या पसंतीचा दिला, त्याबद्दल लिहायला बसले आहे. घेतला तो तिच्याच सोयीसाठी. पण युनिव्हर्सल रिमोट घरात आल्यापासून पुढे जे जे चुकत गेलं ते माझ्या हातून चुकलं, आणि त्यातलं बरंचसं टाळता आलं असतं. ज्यांच्या घरी डोळ्यांनी अधू झालेलं माणूस दिवसभर एकटं असतं आणि स्वतःच्या हाताने टीव्ही लावतं, त्यांना याचा काही उपयोग होईल असं वाटतं, म्हणून जरा तपशिलात जाऊन सांगते.

वडील गेल्यावर आई आमच्याकडे पुण्याला आली. तिच्या दोन्ही डोळ्यांना मॅक्युलाचा विकार आहे. यात नजरेचा मधला भाग जातो, कडेचं दिसत राहतं. दारातून कोणी आत आलं हे तिला कळतं, पण चेहरा दिसत नाही. वाचन सुटलं, निवडणं-टिपणं सुटलं. टीव्ही मात्र तिने सोडला नाही. ती टीव्ही बघते म्हणजे मुख्यतः ऐकते. सह्याद्रीवरच्या बातम्या, कीर्तन, संध्याकाळच्या मालिका. मी आणि नवरा कामावर, मुलगा इंजिनिअरिंगच्या कॉलेजात. दिवसभर घरात दुसरा आवाज असतो तो टीव्हीचाच.

हॉलमध्ये रिमोट बरेच झाले होते. टीव्हीचा, केबलच्या सेट-टॉप बॉक्सचा, साउंडबारचा, मुलाने आणलेल्या ओटीटीच्या स्टिकचा. शिवाय एसीचा. सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावलेले. मधूनच आईच्या हातून टीव्हीच्या रिमोटवरचं 'सोर्स'चं बटण दाबलं जायचं. की टीव्ही बॉक्सला सोडून दुसऱ्याच एचडीएमआयवर जायचा आणि पडद्यावर 'नो सिग्नल' यायचं. ती अक्षरं आईला वाचता येत नाहीत. मग मी घरी येईपर्यंत टीव्ही मुका आणि आई खिडकीशी बसलेली. असं पुन्हा झालं तेव्हा मी ठरवलं, आता या घरात एकच रिमोट राहील.

इथेच पहिली चूक झाली. अडचण एका बटणाची होती, मी ती रिमोटांच्या संख्येची समजले. त्या एका बटणावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला असता तरी भागलं असतं. टीव्हीचा रिमोट आई फक्त चालू-बंद करायला हातात घ्यायची, बाकी सगळं बॉक्सच्या रिमोटवर करायची. हे मला माहीत नव्हतं, कारण मी तिला कधी विचारलंच नव्हतं. घरात सगळ्यांत जास्त टीव्ही लावणारी व्यक्ती ती, आणि रिमोट निवडताना तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

युनिव्हर्सल रिमोट आला. सोबत बारीक अक्षरांत छापलेला कोडांचा कागद. कंपनीच्या नावापुढे चार-चार आकडी कोडांची रांग. 'सेट'चं बटण दाबून धरायचं, दिवा लागला की कोड टाकायचा, टीव्हीकडे धरून पॉवर दाबायची. टीव्ही बंद झाला तर कोड बरोबर. मी रांगेतला पहिला कोड टाकला, टीव्ही बंद झाला, आवाजही कमी-जास्त झाला. मी तिथेच थांबले. खरं तर तिथे थांबायचं नसतं. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या टीव्हींना वेगवेगळे संच लागतात, आणि पॉवर-आवाज यांसारखी नेहमीची बटणं दोन-तीन संचांत सारखी असू शकतात. बाकीची मात्र भलतीच निघतात. आमच्याकडे 'बॅक' दाबलं की काहीच व्हायचं नाही आणि 'म्यूट' दाबलं की मेन्यू उघडायचा. पुढचे कोड लावून प्रत्येक बटण तपासायला अर्धा तास लागला असता. तो मी दिला नाही. आईला म्हणाले, ती दोन बटणं वापरू नकोस. आवाज एकदम बंद करणं तिला लागतं, फोन आला की ती आधी तेच करते, हे मला नंतर समजलं.

केबलच्या बॉक्सचा कोड त्या कागदावर नव्हताच. त्यासाठी रिमोटला शिकवावं लागतं. जुना आणि नवा रिमोट समोरासमोर धरायचे, दोन-चार इंचांवर, आणि नव्याचं बटण आधी, जुन्याचं नंतर, असं एकेक बटण दाबत जायचं. मी ते रात्री जेवणं झाल्यावर हॉलच्या दिव्याखाली उरकलं. आमच्या हॉलमध्ये तेव्हा सीएफएल होता. सीएफएलच्या आतल्या सर्किटमुळे दिवा ज्या वेगाने लुकलुकतो तो रिमोटच्या संकेताच्या वेगाजवळ जाऊ शकतो, आणि शिकणाऱ्या रिमोटच्या कानावर तो गोंगाटही पडतो. दिवा बंद करून, टेबलावर दोन्ही रिमोट स्थिर ठेवून हे करायचं असतं. माझी काही बटणं नीट शिकली गेली, काही अर्धवट. अर्धवट शिकलेलं बटण पाचातून तीनदा चालायचं. बटण मुळीच चालेना तर माणूस निदान कारण शोधायला बसतो. पाचातून तीनदा चालणाऱ्या बटणाने मात्र आईला स्वतःच्याच बोटांवर शंका घ्यायला लावली.

आणि मग ती म्हणू लागली, "अगं, दोनदा दाबलं तरी एकदाच लागतं."

आमच्या केबलवर सह्याद्रीचा नंबर दोन सारख्या आकड्यांनी सुरू होतो. आई तो आकडा दोनदा दाबायची, बॉक्स एकच घ्यायचा, आणि पुढच्या आकड्यासकट भलतंच चॅनल लागायचं. मी रिमोट हातात घेतला, नंबर दाबला, सह्याद्री लागलं. "बघ, लागतंय की," मी म्हणाले. तिने पुन्हा दाबला, पुन्हा चुकीचं. मी तिला नीट दाब, पूर्ण दाब, बटणाच्या मध्यावर दाब असं सांगत राहिले. तिच्या बोटांना संधिवात आहे, वय झालंय, दिसत नाही. माझ्या मनात उत्तर तयारच होतं. तिचं म्हणणं खरं असेल ही शक्यता मी धरलीच नाही.

ते खरं होतं. मुलाने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आणलेला टीएसओपी १७३८ नावाचा बारकासा रिसीव्हर घरात होता. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांना तो चांगलाच परिचयाचा असतो. नावातले शेवटचे ३८ म्हणजे ३८ किलोहर्ट्झ. रिमोटच्या टोकाला जो एलईडी असतो त्यातून साधारण ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश निघतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. तो सलग निघत नाही, सेकंदाला ३६ ते ४० हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकीचे लांब-आखूड झोत म्हणजे संदेश. रिसीव्हर नेमकी तेवढीच लय उचलतो, म्हणून खोलीतल्या उजेडात त्याचा गोंधळ होत नाही. झोतांची भाषा मात्र प्रत्येकाची वेगळी. एनईसी कंपनीच्या पद्धतीत आधी नऊ मिलिसेकंदांचा लांब झोत असतो, मग साडेचार मिलिसेकंदांची शांतता, मग कोणत्या उपकरणाशी बोलायचं तो पत्ता आणि काय करायचं ती आज्ञा. चूक पकडता यावी म्हणून या पद्धतीत प्रत्येक गोष्ट एकदा सरळ आणि एकदा उलटी पाठवतात. सोनीची भाषा ४० किलोहर्ट्झची. फिलिप्सची आरसी-५ म्हणून एक पद्धत आहे, तिचा संदेश चौदा बिटांचा.

आमच्या बॉक्सची भाषा हीच, आणि या चौदातला तिसरा बिट आमच्या घरातल्या सगळ्या भांडणाचं कारण होता. आरसी-५ मध्ये बोट उचलून पुन्हा दाबलं की तो बिट उलटतो. शून्याचा एक, एकाचा शून्य. बॉक्सला त्यावरून कळतं, की हे नव्याने दाबलं आहे, आधीचंच बोट बटणावर रेंगाळलेलं नाही. मुलाने रिसीव्हर आर्डुइनो नावाच्या छोट्या सर्किट बोर्डला जोडून जुन्या रिमोटवर एकच बटण पुन्हा पुन्हा दाबलं. संगणकाच्या पडद्यावर दोन वेगळे आकडे आळीपाळीने उमटले. मग युनिव्हर्सल रिमोटला तेच बटण पुन्हा शिकवून दाबलं. दर वेळी तोच एक आकडा. शिकवताना जो एक संदेश त्याच्या पुढ्यात धरला, तो त्याने जसाच्या तसा साठवला होता आणि तेवढाच तो परत परत पाठवत होता. आई पटकन दोनदा दाबायची, वर्षानुवर्षांच्या सवयीने. बॉक्सला वाटायचं एकदाच दाबून धरलंय. मी तपासायला म्हणून सावकाश, थांबून थांबून दाबायचे. मधे वेळ गेला की बॉक्स ते नवं समजायचा. म्हणून माझ्या हातून लागायचं आणि तिच्या हातून लागायचं नाही.

हे मुलाने उलगडून दाखवलं ते पुष्कळ नंतर. दरम्यान मी तिला जे जे बोलले ते बोलून झालेलं होतं. आई चिडली नाही, तिने बातम्या लावणं कमी केलं. बॉक्स सुरू केल्यावर जे चॅनल लागलेलं असेल तेच ऐकत बसायची. मला वाटलं तिची आवड बदलली.

मी आणखी एक गोष्ट केली, आणि तिचा मला त्या वेळी अभिमान वाटत होता. त्या रिमोटवर मॅक्रोची सोय होती. एक बटण दाबलं की टीव्ही, बॉक्स आणि साउंडबार एकापाठोपाठ एक सुरू. आईसाठी यापेक्षा सोपं काय असणार? पण आमच्या तिन्ही वस्तूंना चालू आणि बंद यांचे वेगळे संकेत नाहीत. पॉवरचा संकेत एकच. चालू असेल तर बंद करतो, बंद असेल तर चालू. तिन्ही बंद असतील तरच मॅक्रो बरोबर चालतो. दुपारी वीज जाऊन आली की टीव्ही स्टँडबायवर थांबायचा आणि बॉक्स मात्र आपोआप सुरू व्हायचा. आईने बटण दाबलं की टीव्ही सुरू, बॉक्स बंद. पुन्हा दाबलं की टीव्ही बंद, बॉक्स सुरू. कितीही वेळा दाबलं तरी दोघांची गाठ पडायची नाही. शिवाय मॅक्रोचे संकेत निघायला तीन-चार सेकंद लागतात, तोवर रिमोट टीव्हीच्या दिशेने धरून ठेवावा लागतो. बटण दाबून झालं की आई रिमोट मांडीवर ठेवायची. कोणीही ठेवेल. मग पहिलं उपकरण सुरू व्हायचं, पुढची दोन तशीच.

पुढे मी या विषयावर बरंच वाचलं तेव्हा कळलं, की ही अडचण फार जुनी आणि सर्वांच्या माहितीतली आहे. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी १९८७ साली 'कोअर' नावाचा रिमोट बाजारात आणला. तो दुसऱ्या रिमोटांचे संकेत शिकायचा, संकेतांच्या माळा लावायचा, पण सामान्य माणसाला तो लावून घेणं जड गेलं. लॉजिटेकच्या हार्मनी रिमोटांनी वेगळा मार्ग काढला. कोणती वस्तू चालू आणि कोणती बंद हे रिमोट स्वतः लक्षात ठेवायचा, आणि ताळमेळ बिघडला की मदतीचं बटण दाबल्यावर विचारायचा, टीव्ही सुरू झाला का? बॉक्स सुरू झाला का? २०२१ मध्ये लॉजिटेकने ते बनवणं थांबवलं. हा विचारण्याचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. माझ्या रिमोटला विचारता येत नव्हतं हे ठीक आहे. पण मी तर रोज घरी येत होते. आज टीव्ही नीट लागला का, एवढं विचारायला मला काय झालं होतं?

स्टिकचं थोडक्यात सांगते. ती युनिव्हर्सल रिमोटवर चालत नाही, कारण तिचा स्वतःचा रिमोट ब्लूटूथवर बोलतो, प्रकाशावर नाही. टीव्हीचा आवाज आणि पॉवर तेवढी तो प्रकाशाने करतो. विकत घेण्याआधी खोक्यावर वाचलं असतं तर कळलं असतं. 'एकच रिमोट' हे माझं म्हणणं त्यामुळे पहिल्या आठवड्यातच खोटं पडलं, पण मी ते सोडायला तयार नव्हते.

एसीचं मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. टीव्हीचा रिमोट 'आवाज एक पायरी वाढव' एवढंच सांगतो. एसीचा रिमोट दर वेळी पूर्ण चिठ्ठी पाठवतो: कूलिंग, २६ अंश, पंखा मंद, झडपा हलत्या. तापमान एक अंशाने वाढवलं तरी सगळंच पुन्हा जातं. म्हणजे आकडे लक्षात ठेवतो तो रिमोट. एसी बहुधा उलट काही कळवत नाही. एका एसीला दोन रिमोट झाले की दोघांच्या लक्षात वेगळं असतं. आईच्या खोलीत एसीचा जुना रिमोट राहिला होता आणि नव्यावरही एसी लावलेला होता. नव्यावरून एसी नुसता बंद-चालू करायला गेलं की त्याच्या लक्षातले २० अंश एसीला जायचे. आईला रात्री थंडी वाजायची, ती शाल घ्यायची. आपल्या हातून काही झालं असेल म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही.

हे 'आपल्या हातून काही झालं असेल' तिच्या मनात मी घातलं. ते किती खोल गेलं होतं हे आषाढीला कळलं.

पंढरपूरची आषाढी एकादशीची शासकीय महापूजा दूरदर्शनवर थेट दाखवतात. पहाटे अडीचच्या सुमारास मुख्यमंत्री सपत्नीक पूजेला बसतात. आईच्या माहेरी वारी होती. आपल्या वडिलांबरोबर तीही आळंदीपासून सासवडपर्यंत चालून आलेली आहे. वारी सुटली तरी ही पूजा तिने चुकवली नव्हती. डोळे गेल्यावरही नाही, कारण मंत्र आणि घंटा ऐकू येतात, आणि गाभाऱ्याचा उजेड नजरेच्या कडेने दिसतो असं ती सांगते.

आदल्या रात्री रिमोट जरा मंद चालतोय असं वाटलं म्हणून मी सेल बदलायला घेतले. सेलच्या टोकांना पांढरी भुकटी धरली होती. ती पुसली, रिमोट तसाच उघडा ठेवून दुसरं काम केलं, मग नवे सेल घातले. बटण दाबलं, लाल दिवा लागला. झालं, असं म्हणून झोपायला गेले. स्वस्तातल्या बऱ्याच युनिव्हर्सल रिमोटांची स्मरणशक्ती सेलवरच जिवंत असते. सेल थोडा वेळ बाहेर राहिले की टाकलेले कोड आणि शिकवलेली बटणं, सगळं पुसलं जातं. दिवा लागतो, पण तो कशाशी बोलायचं ते विसरलेला असतो. माझ्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं होतं. मी ते पान वाचलं नव्हतं. सेल बदलल्यावर एकदा टीव्ही लावून बघणंही मला सुचलं नाही.

सकाळी सहाला उठले तेव्हा आई हॉलमध्ये आंघोळ करून, नऊवारी नेसून बसली होती. रिमोट समोरच्या टीपॉयवर. मी विचारलं, पूजा झाली का छान? ती म्हणाली, "नाही गं लागलं. राहू दे. माझंच काहीतरी चुकलं असेल."

अडीचपासून ती तिथे होती. मी पलीकडच्या खोलीत झोपले होते. एक हाक पुरली असती. तिने हाक मारली नाही, कारण माझ्याकडून काय ऐकावं लागेल हे तिला पाठ झालं होतं. यावर मला स्वतःची बाजू मांडायची नाही. पूजेची चित्रफीत मी तिला त्याच सकाळी मोबाइलवर लावून दिली आणि तिने ती हात जोडून ऐकली. पण ती वेळ टळून गेली होती.

माळ्यावरून जुने रिमोट काढले. बॉक्सच्या रिमोटमध्ये मी सेल तसेच ठेवले होते, त्यांचं पाणी सुटून स्प्रिंगा हिरव्या पडल्या होत्या. तो घेऊन बुधवार पेठेत गेले. तपकीर गल्लीच्या आसपास इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकानं आहेत, त्यातल्या एका लहानशा दुकानात दुरुस्ती करणारे एक वयस्क काका बसतात. त्यांनी रिमोट हातात घेतला, आधी मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरलं आणि बटण दाबलं. एलईडी ठीक असेल तर कॅमेऱ्यात जांभळट ठिपका चमकतो. मागच्या कॅमेऱ्यात कधी कधी दिसत नाही, कारण त्यावर अवरक्त प्रकाश अडवणारी काच असते. काही चमकलं नाही. त्यांनी सेलची टोकं पॉलिश पेपरने घासली, स्पिरिटने पुसली, एक स्प्रिंग बदलली. मग कव्हर उघडायला घेतलं आणि थांबून मला विचारलं, "ताई, या टिकल्या ठेवायच्या ना?"

मी म्हटलं, कुठल्या टिकल्या?

त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी बाजूला केली. पॉवरच्या बटणावर मखमली टिकली, गोल, मरून रंगाची. चॅनल वर न्यायच्या बटणावर लहान. 'म्यूट'वर लांबट, कुंकवाच्या चिरीसारखी. तिन्ही बोटाला वेगळ्या लागत होत्या. वापरून वापरून त्यांची मखमल मधोमध झिजलेली. आकड्यांना काही लावायची गरज नव्हती. रिमोटवर पाचाच्या बटणावर बारीक उंचवटा असतो, टेलिफोनवर असतो तसाच. त्याच्यावर अंगठा टेकला की वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. आई सगळे आकडे त्यावरून शोधायची. युनिव्हर्सल रिमोटवर आकडे होते, पण पाचावर उंचवटा नव्हता. बटणं छोटी, गुळगुळीत आणि सगळी एका मापाची. दुकानात मला ती दिसायला सुरेख वाटली होती.

त्या टिकल्या मी रोज बघत असणार. पिशवीआडून काहीतरी डाग पडलाय असं वाटून मी लक्षच दिलं नसावं. घरी येऊन आईला विचारलं. "तुझ्याच ड्रेसिंग टेबलावरच्या पाकिटातल्या घेतल्या होत्या," ती म्हणाली. "तुझी लांबट एक कमी झाली, तू शोधत होतीस त्या दिवशी." कोणाच्याही मदतीशिवाय तिने स्वतःपुरता एक रिमोट घडवला होता, तिच्या बोटांना वाचता येईल असा. तो मी सेलसकट माळ्यावर टाकला.

काकांनी त्या दिवशी आणखी एक विचारलं होतं, "युनिव्हर्सल वापरतं कोण?" मी म्हटलं, आई. "मग शिकवलं कोणी?" मी म्हटलं, मी. त्यावर ते फक्त म्हणाले, ज्याने वापरायचा त्याच्या हातात देऊन शिकवा. पुढच्या रविवारी आम्ही तसंच केलं. मी रिमोटला हातच लावला नाही. मुलगा आणि आजी टेबलाशी बसले, तो सांगत गेला, बटणं तिने दाबली. आमच्या केबलच्या बॉक्सच्या मूळ रिमोटवर वरच्या बाजूला चार बटणं टीव्हीसाठी राखून ठेवलेली आहेत. ती टीव्हीच्या रिमोटकडून पॉवर, आवाज आणि सोर्स शिकू शकतात. अनेक केबल आणि डीटीएच कंपन्यांच्या रिमोटवर अशी सोय असते. इतकी वर्षं ती वापरायचं आमच्या मनात आलं नव्हतं. हॉलचा दिवा बंद करून त्यांनी पॉवर आणि आवाज शिकवले. सोर्स शिकवायचं नाही असं आईने सांगितलं, आणि त्या बटणाखाली मुलाने आतून पातळ रबराचा तुकडा बसवला, म्हणजे ते दाबलंच जात नाही.

साउंडबारसाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन एचडीएमआय-सीईसी सुरू केलं. एचडीएमआयच्या केबलमधूनच एक उपकरण दुसऱ्याला 'सुरू हो', 'आवाज वाढव' असं सांगू शकतं, ती ही सोय. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, सॅमसंगकडे ॲनीनेट प्लस, सोनीकडे ब्राव्हिया सिंक, एलजीकडे सिमलिंक, त्यामुळे ती सेटिंगमध्ये सापडत नाही. साउंडबारची तार टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या खाचेत लावली आणि आवाजाचं बटण एकच झालं. टीव्ही सुरू केला की साउंडबार आपोआप सुरू होतो. मॅक्रोने मी जे करायला गेले होते ते यात निघालं, आणि रिमोट रोखून धरायची गरजही उरली नाही.

एसीचा जुना रिमोट आईच्या उशाशी आहे, नव्यावर एसी पुन्हा लावला नाही. स्टिक मुलगा लावतो. जुन्या मालिकांचे भाग आईला ऐकायचे असतील तर अजून त्याच्यावर अवलंबून राहावं लागतं, त्याला मला नीट उत्तर सापडलेलं नाही. स्टिकच्या रिमोटमध्ये बोलून शोधायची सोय आहे, पण आईचे मराठी उच्चार त्याला कधी कळतात, कधी नाही, आणि पुढचे पर्याय पडद्यावर वाचावेच लागतात. टॉकबॅकसारखी वाचून दाखवणारी सोय सुरू करून पाहिली. ती इतकं बोलते, की आईला मालिकाच ऐकू येईना.

आता केबलवाल्याकडून निरोप आला आहे की जुने बॉक्स बदलून अँड्रॉइडचे देणार, वेगळे पैसे नाहीत. त्याच्याकडच्या मुलाने फोनवर सांगितलं की नवा रिमोट ब्लूटूथचा आहे, त्यावर आकड्यांची बटणंच नाहीत, आवाजाने चॅनल लावायचं. शेजारच्यांनी घेतला, त्यांना आवडला. मी आईला विचारलं. तिने दोन प्रश्न विचारले. रिमोटला स्पष्ट उमटलेली बटणं किती आहेत, आणि आपण म्हटलेलं त्याला कळलं नाही तर ते आपल्याला कसं समजणार. दोन्हींची उत्तरं मला येत नव्हती. केबलवाल्याला सांगितलं आहे, की नुसता रिमोट घेऊन या, आधी आईच्या हातात द्या, तासभर तिला वापरून बघू दे. तो म्हणाला असं कोणी मागत नाही. मी म्हटलं, आम्ही मागतोय. तोवर आमच्याकडे जुनाच बॉक्स राहील.